जन्मसाल

पत्र आलं तेव्हा मी कांदा चिरत होते,
म्हणून डोळ्यांतलं पाणी पुराव्यात धरू नका.

किर्कवॉलच्या डॉक्टर ओगिल्वी. दोन पानं, एक सही.
"पूर्वी याला अस्परगर म्हणत," त्या म्हणाल्या होत्या,
"हल्ली तो शब्द वापरत नाहीत."
छप्पन्न वर्षं घर शोधत फिरावं
आणि दार सापडावं त्याच आठवड्यात
पाटी उतरवायला माणूस शिडीवर चढलेला!

फॉर्म खरं तर माझा नव्हताच.
नातवाचा होता. ईवन, वय सहा,
शाळेत टेबलाखाली बसतो, भिंतीकडे तोंड करून.
मेरिएल म्हणाली, आई, तूच भर, तुला तो कळतो.
मी भरत गेले. हो. हो. नेहमी. हो.
सतराव्या प्रश्नाशी पेन थांबलं:
कपड्यांची लेबलं टोचतात का?
हात आपोआप माझ्याच कॉलरमागे गेला.
तिथे कात्रीची कड होती.
माझ्या सगळ्याच कपड्यांना असते.
मला वाटायचं, सगळेच कापतात.

दुसरीतल्या बेरजेत कुणी तरी
हातचा एक धरायला विसरलं,
आणि पुढची प्रत्येक ओळ
मी नीट, सुवाच्य अक्षरात
चुकीची लिहीत आले.

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, फेरीच्या तिकीटखिडकीत,
एकतीस वर्षं.
भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ.
माणसांचंही पाठ: आधी हवा, मग तब्येत, मग हसणं.
डोळ्यांत बघता येत नाही तेव्हा
भुवयांच्या मधोमध बघायचं,
समोरच्याला फरक कळत नाही.
हा शोध मी तेराव्या वर्षी लावला.
संध्याकाळी घरी येऊन बुटांसकट
अंधारात बसायचे तासभर.
नवरा याला रुसवा म्हणायचा.
अकरा वर्षं म्हणाला. मग त्यानं बॅग भरली.
त्याला आता पत्राची प्रत पाठवू का?
नको. टपालाचा खर्च माझाच.

आणि बाबांचं दफन.
धर्मगुरू म्हणाले, जन्म एकोणीसशे बत्तीस.
मी उभी राहिले, म्हणाले, एकतीस.
ते हसून पुढे जाऊ लागले,
मी पुन्हा म्हणाले, एकतीस.
चर्चमध्ये कुणी तरी खोकलं.
एर्लंडनं, माझ्या सख्ख्या भावानं,
त्या दिवसापासून माझ्याशी शब्द टाकला नाही.
माणूस जमिनीत जाताना त्याचं एक वर्ष तरी
त्याच्याबरोबर जायला नको?
हे मला अजूनही कळत नाही.
पत्रानंतरही नाही.

मी त्याला चिठ्ठी लिहिली. तीन ओळी.
निदानाचं नाव, तारीख, आणि
'तुला कळावं म्हणून.'

नऊ दिवसांनी फोन.
खूप वेळ नुसता श्वास.
मग पानं उलटल्याचा आवाज.
"बाबांच्या वाऱ्याच्या वह्या माझ्याकडे आहेत," तो म्हणाला.
रोज सकाळी सहाला दिशा आणि जोर,
बेचाळीस वर्षं, एक दिवस न चुकता.
"त्यांच्या लग्नाचा दिवस ऐक:
नैर्ऋत्य, पाच. दुपारी लग्न."
मी हसले. तोही हसला असावा,
फोनवर मला ते ओळखता येत नाही.
"आणि हा तुझा:
वायव्य, सात. मुलगी."
"एवढंच?"
"खाली रेघ मारलीय. दोनदा.
मी सगळ्या वह्या चाळल्या, इशबेल.
दुसरी रेघ कुठेच नाही."

माफी त्यानं मागितली नाही, मीही नाही.
ईवनसाठी कानावरचे हेडफोन मागवलेत, निळे.
माझ्यासाठीही एक जोड, ते मेरिएलला सांगायचंय.
कांदा तसाच राहिला होता त्या दिवशी,
वाळून गेला, फेकला.

पण फोन ठेवण्याआधी, काय बोलायचं
हे पाठ नसलेल्या त्या फटीत,
मी त्याला विचारलं,
तुझ्याकडे आत्ता वारा कुठला?
आणि तो उठून
खिडकीपर्यंत गेला.